क्लोरमेझानोन आणि क्लोरझॉक्साझोन वेगळी आहेत

महोदय,

कंबरदुखी आणि मान आखडण्यावरच्या गोळ्यांबद्दल लिहिताना क्लोरमेझानोन आणि क्लोरझॉक्साझोन या नावांची सहज गल्लत होते. दोन्ही औषधे स्नायू सैल करणारी. क्लोरझॉक्साझोन आजही वापरात आहे (त्याचीही यकृतावर क्वचित गंभीर बाधा होते, पण तो विषय निराळा). चिंताही कमी करणारे क्लोरमेझानोन १९५८ पासून 'ट्रान्कोपाल' नावाने मिळे. ते १९९६ मध्ये 'सनोफी' या औषध कंपनीने जगभर बंद केले.

कारण होते त्याने क्वचित होणारी त्वचेची गंभीर बाधा, जिच्यात फोड येऊन त्वचा सुटू लागते. तिची दोन रूपे: स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये १० टक्क्यांपेक्षा कमी त्वचा सुटते, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिसमध्ये ३० टक्क्यांहून जास्त; या दुसऱ्या विकारात साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो. हा धोका कळायला जवळजवळ चार दशके का लागली? तीन हजार जणांच्या चाचणीत अशी एकही घटना घडली नाही, तरी फार तर एवढेच म्हणता येते की धोका हजारात एकापेक्षा मोठा नसावा. लाखात एखाद्याला होणारी बाधा तिथे सापडणार कशी? शिवाय गोळीत पॅरासिटॅमॉलही असले, की नेमका दोष कोणाचा हे ठरवणे आणखी अवघड.

क्लोरमेझानोनचा अर्धायुकाल (शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) सुमारे ४० तासांचा. म्हणजे रोज घेतले तर ते शरीरात साठत जाते, आणि शेवटच्या गोळीनंतरही पूर्ण निघून जायला आठवडाभराहून अधिक काळ लागतो. पुरळ दिसताच गोळी थांबवली तरी औषध अंगात उरतेच. म्हणून घरात जुनी पाकिटे असतील तर 'एखादी घेऊन पाहू' हा विचार अजिबात नको.

कोणतेही नवे औषध सुरू केल्यावर साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड आणि हात लावताच दुखणारी त्वचा अशी लक्षणे दिसली, तर लगेच रुग्णालय गाठावे. पुरळ उठण्याची वाट पाहू नये. गोळी घेतल्यावर दर वेळी अंगावर त्याच जागी काळसर चट्टा उठत असेल, तर तीही औषधाचीच बाधा. क्लोरमेझानोनने असे चट्टेही उठत.

ज्यांना पूर्वी या औषधाने त्रास झाला, त्यांनी ब्रँडचे नाव न लिहिता 'क्लोरमेझानोन' हा घटक, लक्षणे आणि वर्ष कागदावर लिहून तो प्रत्येक डॉक्टरला दाखवावा. आपल्या आरोग्यविषयक लेखांतही घटकाचे पूर्ण नाव छापावे, ही विनंती.

— औषधनिर्माणशास्त्राचे अभ्यासक