भिंतीवर ज्यांची नावं नव्हती त्यांना

दोन देशांतले कलाकार, एक अपंग आणि एक अपंग नसलेला, अशा जोड्यांनी मिळून केलेलं आमचं प्रदर्शन परवा संपलं. भिंतीवर आमची नावं होती. तुमची नव्हती, म्हणून हे लिहितेय.

मला दिसत नाही. माझी जोडीदार रंगवते, मी मातीत काम करते. तिच्या चित्रातला निळा मला फोनवर तासन्‌तास समजावणारी तू, "ओल्या दगडासारखा गार" म्हणालीस आणि माझ्या बोटांना वाट सापडली. ते शिल्प अर्धं तुझंच आहे.

व्हीलचेअरसाठीचा उतार फार चढा झाला म्हणून आदल्या रात्री तो उखडून, एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरून पुन्हा बांधणारे दादा. व्हीलचेअरवरून नीट दिसावीत म्हणून चित्रं खाली घेणारे. दोन देशांच्या सांकेतिक भाषा वेगळ्या, तरी गप्पा तुटू न देणारे दुभाषे. सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांवरच्या २००६ च्या करारात, ३० व्या कलमात लिहिलेला आहे. आम्हाला तो तुमच्या हातून मिळाला.

आणि "हात लावून बघा" ही पाटी लावणाऱ्याला वेगळा नमस्कार. आयुष्यभर मी उलटंच ऐकत आले होते.