तारेत ओवलेल्या पोस्टकार्डांसाठी, ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,
स. न.

फोनवर ‘थँक्यू’ म्हणून झालंय, पण तेवढ्यावर भागेना. शिवाय जुनी पत्रं माळ्यावर पडलेल्या इतरांच्याही कामी यावं म्हणून हे उघडं पत्र.

आजीचे वडील १९३०च्या दशकात परळच्या गिरणीत होते. राजापूरकडच्या घरी त्यांची पोस्टकार्डं यायची, वाचून झाली की तारेच्या आकड्यात खोचली जायची. तुम्ही जुने कागद दुरुस्त करता, म्हणून ती तार मी तशीच तुमच्याकडे आणली. त्याआधी जो तो ‘लॅमिनेट करून टाक’ म्हणत होता. तुम्ही मात्र आधी तारेवरचा क्रम लिहून काढलात. पुष्कळ कार्डांवर नुसती तिथी, शक नाही. तुम्ही टॉर्च आडवा धरून पुसट शिक्क्याचा कागदात उमटलेला दाब वाचलात आणि तारेच्या क्रमाशी ताडून वर्षं लावलीत.

शाई वड्यांची, पाणी लागलं की पसरणारी. म्हणून सगळी सफाई कोरडी, मऊ ब्रशनं. फाटलेल्या कडांना जपानी टिश्यू, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं. उद्या कुणाला काढावासा वाटला तर निघेल असा. कार्डांच्या मधोमध तारेची भोकं आहेत, ती बुजवाल असं मला वाटलं होतं. तुम्ही भोवतालचा गंज तेवढा अलगद खरवडलात आणि भोकं राहू दिलीत. ‘पत्र पोचलं, वाचलं, जपलं, याची ती पोच आहे,’ म्हणालात. मला ते शंभर टक्के पटलं.

पण खरे आभार पुढच्यासाठी. कार्डं मोडीत, आणि आजी बालबोध म्हणजे देवनागरी वाचते, मोडी नाही. वडिलांची पत्रं घरात असूनही तिला ती मुकीच होती. नुसतं लिप्यंतर मी दुसऱ्या कुणाकडूनही करून घेतलं असतं. तुम्ही अक्षर बघायला शिकवलंत. आधी कार्डभर ओढलेली रेघ, मग तिला लटकणारी अक्षरं. टाक दौतीत बुडवला की गडद, मग फिकट होत जाणारी. मजकूर ‘तीर्थरूप बाबांचे सेवेसी’. पोस्टकार्ड उघडं, पोस्टमननंही वाचावं असं. घरी तर ते पडवीत सगळ्यांदेखत वाचलं जायचं. बायकोला वेगळं काही लिहिण्याची सोयच नव्हती. तरी जवळजवळ प्रत्येक कार्डात एक ओळ सापडतेच: ‘परसातले अनंतास पाणी घालीत जावे.’ आधीची ओळ अजून गडद असतानाही या ओळीसाठी टाक नव्यानं बुडवलेला आहे, हे तुम्ही दाखवलंत. टाइप केलेल्या प्रतीत हे कुठून दिसणार?

आजीला सांगितलं तर ती हसलीच. अनंत तिच्या आईनं लावलेला. ‘बाबांना झाडाझुडपांतलं काही कळत नसे,’ म्हणाली, आणि मग ते कार्ड दुपारभर कुणाला देईना.

बिलात तुम्ही टिश्यू आणि दुरुस्तीचेच पैसे लावलेत, मोडी वाचल्याचे नाहीत. आजीला ते अजिबात मान्य नाही. तिनं आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. माळ्यावर आणखी एक तार सापडलीय. पुढच्या महिन्यात दोन्ही घेऊन येतो. कार्डं तारेवरून काढलेली नाहीत.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
पोस्टकार्डवाल्यांचा पणतू