वैष्णव साहेब, माहिती अधिकारातून काढलेले ते शब्द परत टाका

मा. अश्विनी वैष्णव साहेब,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री,

नमस्कार. मी गावाकडचा माणूस, माहिती अधिकाराचे अर्ज स्वतःही करतो आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लिहूनही देतो, म्हणून हे पत्र.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात शेवटी शेवटी एक छोटं पोटकलम आहे, ४४(३). २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तुमच्या मंत्रालयाने नियम काढले आणि हे पोटकलम लगेच लागू झालं. त्याने माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(ञ), म्हणजे ऑफिसात सगळे ज्याला आठ-एक-जे म्हणतात ते, पार बदलून टाकलं. आधी त्यात असं होतं की वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येणार असेल, तर नाकारता येईल, पण व्यापक जनहित असेल तर तीही द्यायची. आणि खाली एक ओळ होती, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. साहेब, माझ्यासारख्या माणसाला आमदाराच्या बरोबरीला बसवणारी ती ओळ होती. आता ती नाही, अटीही नाहीत. वैयक्तिक माहितीशी संबंधित आहे एवढंच म्हटलं की विषय संपला.

आता हे जमिनीवर कसं चालतं ते सांगतो. घरकुलाची यादी, रेशनची यादी, रोजगार हमीचं मस्टर म्हणजे हजेरीपट, ठेकेदाराचं बिल, यातलं काय नावाशिवाय असतं? राजस्थानात नव्वदच्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या घेतल्या तेव्हा मस्टरवरची नावं मोठ्याने वाचली जायची आणि मग समोर बसलेली बाई उठून सांगायची की मी तर त्या कामावर गेलेच नव्हते, माझ्या नावाने पैसे कुणी उचलले. त्यातूनच पुढे देशाला माहितीचा कायदा मिळाला. नावं झाकली तर ती बाई कशी उभी राहणार? एवढ्या लोकांना एवढे पैसे दिले असा नुसता आकडा हातात दिला तर त्यात मेलेला कोण, गाव सोडून गेलेला कोण आणि सरपंचाचा चुलतभाऊ कोण, हे कुणालाच कळणार नाही.

आमच्याकडे म्हणजे महाराष्ट्रात तर हा कायदा केंद्राच्या आधीपासून होता, अण्णा हजारेंच्या आंदोलनातून आलेला. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी याच हत्याराने जमिनीचे घोटाळे बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला भर सकाळी त्यांचा खून झाला. सातबाऱ्यावर, फेरफारात, खरेदीखतात नावंच असतात हो. नावं मागितली म्हणूनच माणसं मारली जातात, कारण भानगड नावातच लपलेली असते.

तुमची बाजू मी वाचलीय. काँग्रेसचे जयराम रमेश यांनी ४४(३) काढून टाका असं तुम्हाला पत्राने कळवलं, त्याला २०२५ च्या एप्रिलमध्ये तुम्ही उत्तर दिलंत, की डेटा कायद्याचं कलम ३ आहे, जी माहिती कायद्याने जाहीर करायची आहे ती जाहीर होत राहील. पण साहेब, ते कलम ३ तुमच्याच अधिसूचनेप्रमाणे १८ महिन्यांनी लागू व्हायचं होतं आणि ४४(३) मात्र त्याच दिवशी! कंपन्यांनी आमचे फोन नंबर नि आधार सांभाळायची बहुतेक बंधनंसुद्धा १८ महिन्यांनंतरची. म्हणजे खासगीपणा जपायला केलेल्या कायद्यात कंपन्यांना दीड वर्षाची मुदत आणि आमच्या हातातला कागद पहिल्याच दिवशी काढून घेतला, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवंय. आणि कलम ३ आलं तरी काय, ते एवढंच सांगतं की अशा माहितीला डेटा कायदा लागू नाही. माझा अर्ज फेटाळला जाणार तो माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ८ खाली, तिथे त्याचा उपयोग शून्य.

दुसरं सांगतात की माहिती अधिकार कायद्याचं ८(२) शिल्लक आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येईल. देता येईल, द्यावीच लागेल असं नाही. आणि हे ठरवणार कोण, तर ग्रामपंचायतीत बसलेला ग्रामसेवक नाहीतर तहसीलमधला नायब तहसीलदार, ज्याला वरून फोन येतो. माहिती दिली नाही तर त्याला दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, तोही माहिती आयोगाने लावला तर. आणि डेटा कायद्याच्या परिशिष्टात दंड २५० कोटींपर्यंत. हे दोन आकडे समोर असलेला माणूस कुठला रस्ता धरेल? मी त्याच्या जागी असतो तर मलाही भीती वाटली असती, त्यात त्याचा दोष नाही.

खासगीपणा नको असं मी म्हणतच नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने तो मूलभूत हक्क ठरला, चांगलंच झालं, पण त्याच निकालात तोल बघायला सांगितलंय. २०१९ मध्ये सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकारात येतं हे पाच न्यायमूर्तींनी ठरवलं तेव्हा खासगीपणा आणि जनहित यांची तुलना त्यांनी ८(१)(ञ) च्या जुन्या शब्दांवरच केली. खासगीपणाचा कायदा कसा असावा हे सांगायला सरकारनेच नेमलेल्या न्या. ए. पी. शाह समितीनेही २०१२ मध्ये सांगितलं होतं की माहिती अधिकाराखाली दिलेली माहिती म्हणजे खासगीपणाचा भंग नव्हे. मग तोलायचा काटाच काढून का टाकला? जुन्या शब्दांतही आम्हाला सहज काही मिळत नव्हतं, सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालात अशी माहिती वैयक्तिक ठरल्यानंतर अधिकाऱ्यांच्या मालमत्तेचं, कारवाईचं काही विचारलं की तो निकाल दाखवून पाठवणी व्हायची. पण तेव्हा अपिलात भांडायला निदान कायद्यात शब्द तरी होते.

तर मागणी सरळ आहे. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणून ८(१)(ञ) जसं २००५ मध्ये होतं तसं परत करा, खालच्या त्या ओळीसकट. आणि तोपर्यंत तुम्ही एप्रिलच्या पत्रात जे म्हणालात ते धरून, माहिती अधिकाराचं काम बघणाऱ्या केंद्राच्या कार्मिक विभागाकडून लेखी परिपत्रक म्हणून सगळ्या राज्यांना पाठवायला सांगा, की लाभार्थ्यांच्या याद्या, मस्टर, बिलं आणि सह्या करणाऱ्यांची नावं वैयक्तिक म्हणून नाकारायची नाहीत. तेवढा कागद असला तरी तो अपिलाला जोडून आम्ही भांडू.

आपला,
एक अर्जदार