दातार साहेब, माझ्या भावाला घरी पाठवलंत त्याबद्दल

दुबईच्या अल अदील किराणा दुकानांचे मालक धनंजय दातार साहेब, नमस्कार. माझ्या भावाचं नाव तुमच्या लक्षात असायचं काही कारण नाही, २०२० ला दुबईत अडकलेल्या आणि तुम्ही घरी पाठवलेल्या हजारो लोकांपैकी तो एक. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही, अजून तो विषय निघाला की आईचा गळा भरून येतो.

लॉकडाऊन लागला आणि तो ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे सुतारकाम करायचा त्याने आधी पगार थांबवला मग सरळ हात वर केले. ज्या एजंटने व्हिसाचे पैसे आमच्याकडून मोजून घेतले होते त्याचा फोन कायमचा बंद. ७ मे पासून परदेशात अडकलेल्यांना आणणारी सरकारच्या वंदे भारत मोहिमेची विमानं सुटायला लागली, पहिली केरळला गेली, आम्ही रोज टीव्हीसमोर बसून मुंबईचं कधी ते बघायचो, पण तिकिटाला त्याच्याकडे पैसे होते कुठे?

तिकीट तुम्ही दिलंतच. पण साहेब, माझ्या मनात जास्त राहिलंय ते हे की कोविड टेस्टचे पैसेही तुम्हीच भरलेत. रक्कम तिकिटापुढे छोटी असेल, पण ज्याची दोन वेळच्या जेवणाची मारामार आहे तो तिकीट हातात असूनही टेस्टपायी लटकू शकतो, हे कुणाच्या डोक्यात येतं हो? ज्याने स्वतः तंगी काढलीय त्याच्याच. अमरावतीकडच्या शिरखेडला आजीकडे काढलेलं गरिबीतलं लहानपण, १९८४ ला वडिलांबरोबर दुबईत सुरू केलेलं छोटं किराणा दुकान, पोती उचलणं, झाडू मारणं, रात्री दुकानातच झोपणं, धंदा बसायला लागला तेव्हा तुमच्या आईंनी मंगळसूत्र मोडून दिलेले पैसे, हे सगळं तुम्ही मुलाखतींत सांगितलंय. आज अल अदीलची ४० च्या वर दुकानं आहेत, लोक मसाला किंग म्हणतात. भाऊ पगार झाला की तुमच्याच दुकानातून भाजणी न्यायचा आणि खोलीवरची पोरं मिळून थालीपीठं लावायची.

पैसेवाले खूप बघितले, देताना चार लोकांत ऐकवणारेही बघितले. भाऊ मात्र घरी आला तो ताठ मानेने, कुणापुढे हात पसरले असं त्याला एकदाही वाटलं नाही, आणि आईला त्याचंच जास्त समाधान आहे.

तो आता इथेच फर्निचरची कामं घेतो, बरं चाललंय. तुमच्यापर्यंत हे पोचलं तर आईचा आशीर्वाद घ्या, ती वयाने तुमच्याहून मोठीच असेल.