सौर वाहिनीवर कॅपॅसिटर का नाही?

महोदय,

सौर प्रकल्पांतून शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीपंपांचा भार रात्रीवरून दिवसावर येतो आहे. उन्हाची वीज उन्हातच वापरली की तेवढा कोळसा वाचतो, हे चांगलेच. चर्चा मात्र सगळी पॅनेलच्या मेगावॅटची. उपकेंद्रातून बांधावर पोचेपर्यंत त्यातली किती वीज तारांतच जाते, हे कोणी विचारत नाही.

५ अश्वशक्तीची मोटर साधारण ५ किलोवॅट घेते. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहातला किती भाग खऱ्या कामाला येतो ते प्रमाण; १ म्हणजे पूर्ण) ०.७५ असेल तर प्रवाह सव्वानऊ अँपिअर. कॅपॅसिटर मोटरला लागणारा चुंबकीय प्रवाह जागच्या जागी पुरवतो; २ केव्हीएआरचा (हे त्याच्या क्षमतेचे माप) लावला की फॅक्टर ०.९० आणि प्रवाह पावणेआठ. तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सगळ्यांनी तो लावला तर ती जवळपास ३० टक्क्यांनी घटते, आणि १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) १५ ऐवजी १८ मोटरी चालतात. (३ अश्वशक्तीला १, साडेसातला ३ केव्हीएआर पुरे.)

जोडणी स्टार्टरच्या मोटरकडच्या बाजूला हवी, म्हणजे मोटर बंद तर तोही बंद. लाईनच्या बाजूला जोडला तर मोटरी बंद असताना व्होल्टेज चढते. कॅपॅसिटर मेला तरी मोटर फिरतच राहते, म्हणून टाँग टेस्टर (वायरभोवती धरून प्रवाह मोजायचा चिमटा) लावून बघावे : ५ अश्वशक्तीच्या पंपावर त्याच्या प्रत्येक वायरमध्ये सुमारे अडीच अँपिअर दिसले पाहिजेत.

त्याहून मोठे दुखणे ऑटोस्विचचे, म्हणजे वीज येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या स्विचचे. लाईन आली की पंधराच्या पंधरा मोटरी एकदम उठतात आणि पाच-सहापट प्रवाह ओढतात. सुमारे १४० अँपिअरच झेपणाऱ्या त्याच १०० केव्हीएच्या डीपीवर सात-आठशे! फ्यूज उडतो. मग त्या जागी जाड तार येते आणि शेवटी डीपीच जळतो. तो बदलून येईपर्यंत कोणी डिझेल इंजिन बाहेर काढतो, म्हणजे सौर वाहिनीखाली पुन्हा धूर. रात्रीच्या पाळीत, साप-विंचवाच्या भीतीने ऑटोस्विच बसवला हे समजू शकते. दिवसा वीज मिळू लागल्यावर त्याचे कारण उरत नाही. काढायचाच नसेल तर टायमर लावून मोटरी एकेक मिनिटाच्या अंतराने सुरू कराव्यात.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. बिलच नाही, तर पदरचे पैसे घालून कॅपॅसिटर कोण बसवणार? तेव्हा वाहिनी सौर करतानाच तिच्यावरच्या प्रत्येक पंपाला तो बसवून द्यावा, खर्च प्रकल्पातच धरावा, आणि दरवर्षी रब्बीआधी लाईनमनकडून तपासून घ्यावा.

— वीज वितरण क्षेत्रातील एक वाचक