तांबड्या विंचवावरचा उतारा : डॉ. बावस्कर सर आणि मॅडम यांना

आदरणीय डॉ. हिंमतराव बावस्कर सर आणि डॉ. प्रमोदिनी मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पेंढ्याच्या उडवीत, जांभ्याच्या गडग्यात, दाराबाहेरच्या चपलेत दडलेला तांबडा विंचू आजही माणसांना डसतो. पण डसला म्हणजे माणूस गेला, ही धास्ती आता उरलेली नाही. फुप्फुसात पाणी भरून या दंशाचे २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत, तो आकडा तुम्ही या दंशावर वापरात आणलेल्या प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनंतर १ टक्क्याच्या खाली आला. म्हणून ग्रामीण भागातले आम्ही डॉक्टर हे आभाराचं पत्र लिहीत आहोत.

बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि नंतर महाडला तुम्ही रुग्णाच्या खाटेशी बसून जे टिपलंत, ते १९८२ आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय, मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा. ही लक्षणं दिसली की पुढे हृदयावर ताण येणार, हे त्यामुळे साध्या रक्तदाबयंत्रावर काम करणाऱ्यालाही कळू लागलं. विषामुळे मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. प्राझोसिन नेमका रक्तवाहिन्या आवळणारा अल्फा रिसेप्टर अडवतं, रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयावरचा भार उतरवतं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे तुम्ही मात्रा सुटसुटीत ठेवलीत. १ मिलिग्रॅमची साधी गोळी : मोठ्या माणसाला अर्धी, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, मुलाला पाव, म्हणजे २५०. हातपाय कोमट आणि कोरडे होईपर्यंत दर ३ तासांनी तीच मात्रा. नाडी, रक्तदाब आणि श्वास पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने, पुढचे ६ तास तासातासाने, नंतर ४ तासांनी. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो, म्हणून रुग्ण आडवाच हवा. आई रडणाऱ्या लेकराला उचलून खांद्यावर घेते, आणि घात होतो तो तिथेच. घाम आणि उलट्यांनी शरीर सुकलेलं असतं, त्यामुळे आधी तोंडाने पाणी भरून काढायचं. दाब घसरलाच तर पाय वर आणि सलाईन. गोळी सावकाश विरघळणाऱ्या जातीची चालत नाही, हे तर औषधांच्या कपाटावर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. फक्त तिथेच दुखत असेल, बाकी एकही लक्षण नसेल, तर प्राझोसिन द्यायचंच नाही. जागा बधिर करणारं, ॲड्रिनलिन नसलेलं लिग्नोकेन टोचून रुग्णावर नजर ठेवायची.

वेदनेबद्दल तुम्ही जे दाखवून दिलंत, ते एरवी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. विष अंगभर भिनतं तेव्हा दंशाच्या जागची कळ बऱ्याचदा नाहीशी होते. नातेवाइकांना वाटतं, विंचू उतरला. खरा धोका तेव्हाच असतो. उपचार लागू पडले की ती कळ परत येते, रुग्ण कण्हू लागतो, आणि डॉक्टरने निर्धास्त व्हायचं ते तेव्हा.

घाम आणि लाळ पाहून ती आटवणारं अॅट्रोपिन टोचण्याचा मोह अजूनही काही ठिकाणी होतो. त्याने नाडी आणखी पळते, रक्तदाब आणखी चढतो. हृदयाचे ठोके मंदावणारा बीटा ब्लॉकर तर हृदयाचा उरलासुरला आधारच काढून घेतो. स्टेरॉइडने काहीच साधत नाही, नुसता वेळ जातो. आणि सुकलेल्या रुग्णाला फुप्फुसांत पाणी आहे की नाही ते न पाहता लघवीचं औषध दिलं, तर रक्तदाब कोसळतो. फुप्फुसांत खरोखरच पाणी भरलं असेल तर रुग्णाला टेकवून बसवायचं, प्राणवायू लावायचा, हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन आणि रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन यांची सोय असलेल्या ठिकाणी हलवायचं.

आभार आणखी एका गोष्टीचे. स्वतःचं औषध गाजत असताना तुम्ही ते प्रतिविषाच्या तुलनेत उभं केलंत. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या तुमच्या चाचणीत ७० रुग्ण होते, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. १० तासांत बरे झालेले, प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२; नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८. प्रकृती आणखी ढासळणाऱ्यांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच राहिलं. कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, ही या चाचणीची मर्यादा, ती आम्हीही लक्षात ठेवतो. तरी व्यवहारात तिचा अर्थ सरळ आहे : प्रतिविष हाताशी असेल तर लवकर द्यावं, पण त्याची वाट पाहत पहिली अर्धी गोळी अडवून ठेवू नये.

२०२२ मध्ये सरांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हाला घरच्यासारखा आनंद झाला. आता एक विनंती आहे. मात्रा आणि नोंदींच्या वेळा असलेला एकपानी मराठी तक्ता तुमच्या नजरेखालून जाऊन तयार व्हावा. रात्रपाळीच्या सिस्टरच्या टेबलावरच्या काचेखाली तो ठेवायची जबाबदारी आमची.

आपले कृतज्ञ,
ग्रामीण भागातले डॉक्टर