‘चेक’चे मूळ ‘सक्क’ नव्हे, ‘शह’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत शब्दांच्या जन्मकथा सांगणारा जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात बँकेचा ‘चेक’ हा शब्द अरबी ‘सक्क’ या शब्दापासून इंग्रजीत आला, असे कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. हे विधान मी यापूर्वीही अनेकदा वाचले आहे. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात, दोन्हींचा पैशाशी संबंध आहे आणि गोष्ट सांगायला सुटसुटीत आहे, म्हणून ती एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत राहते. परंतु ती खरी नाही, आणि खरी हकिगत तिच्यापेक्षा कितीतरी रंजक असून मराठी वाचकाच्या अगदी जिभेवरची आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

लेखकावर अन्याय होऊ नये म्हणून आधी एक गोष्ट मान्य करतो. ‘सक्क’ नावाचा लेखी दस्त अरबी व्यापारात खरोखरच होता. दहाव्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने सहारा वाळवंटाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या औदघुस्त येथील एका व्यापाऱ्यावरच्या 42,000 दिनारांच्या कर्जाचा असा दस्त आपण स्वतः पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. तेव्हा वस्तू जुनी आहे, याबद्दल वाद नाही. वाद शब्दाचा आहे. एखादी वस्तू एका समाजात आधी होती एवढ्यावरून दुसऱ्या समाजातील तिचे नावही तिथूनच आले, असे ठरत नाही. त्यासाठी शब्द कोणत्या काळात, कोणत्या रूपात आणि कोणत्या अर्थाने लिहिला गेला, याचा माग काढावा लागतो. ‘चेक’च्या बाबतीत हा माग सुदैवाने बराच स्पष्ट आहे आणि तो सावकारी पेढीकडे न जाता बुद्धिबळाच्या पटाकडे जातो.

भारतातला ‘चतुरंग’ इराणात गेला तेव्हा त्याचे ‘चत्रंग’ झाले आणि अरबांच्या तोंडी ‘शतरंज’. राजा या मोहऱ्याला फारसीत अर्थातच ‘शाह’ म्हणत. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की खेळणारा ‘शाह!’ असे उच्चारून त्याला सावध करी. राजाचे नाव घेणे हाच इशारा होता. अरबांमार्फत खेळ युरोपात पोहोचला तेव्हा हा उच्चार खेळाबरोबरच गेला. दहाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समधील आइन्झीडेल्न मठात लिहिलेल्या एका लॅटिन कवितेत या खेळाचा जो उल्लेख सापडतो, त्यात ‘शाह’चे लॅटिन रूप झालेले दिसते. लॅटिनमध्ये ‘श’ नसल्याने आरंभी ‘स्क’ आला आणि शेवटचा ‘ह’ ‘क’कडे झुकला, असे ‘स्काकुस’ हे रूप तयार झाले. जुन्या फ्रेंचला आरंभीचे असे जोडाक्षर सोसत नसे. ‘स्कोला’चे जसे तिने ‘एस्कोल’ केले तसे या शब्दाचे ‘एशेक’ केले. इंग्रजीने तो आरंभीचा स्वर गाळला आणि हाती ‘चेक’ उरला. या फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ हे खेळाचे इंग्रजी नावही निघाले आहे, म्हणजे ‘चेस’ या शब्दाचा मूळ अर्थच जणू ‘अनेक शाह’ असा होतो. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने दैवाला बुद्धिबळ खेळायला बसवले आहे, तिथे दैव ‘चेक’ आणि ‘मेट’ हे दोन्ही शब्द उच्चारते.

आता मराठीकडे पाहावे. फारसीतला तोच ‘शाह’ आपल्याकडे सरळ वाटेने आला आणि ‘शह’ झाला. राजाला शह देणे, शहातून राजा सोडवणे, शहाला काटशह, ही भाषा पटावरून उठून केव्हाच राजकारणात आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जाऊन बसली आहे. ‘शाह मात’मधील ‘मात’ही आपण ठेवला. संकटावर मात करतो, प्रतिस्पर्ध्यावर मात करतो. इंग्रजीतील ‘चेकमेट’ म्हणजे अक्षरशः आपलेच ‘शहमात’. या ‘मात’चा अर्थ ‘मेला’ असा सर्रास सांगितला जातो, कारण अरबीत त्या उच्चाराचे क्रियापद मरणाचे आहे. परंतु बुद्धिबळात राजाला कधीच मारत नाहीत, तो निरुपाय होतो तिथे डाव संपतो, आणि फारसीत ‘मात’चा अर्थ हतबल, थक्क झालेला असा आहे. खेळाच्या नियमाशी हा अर्थ अधिक जुळतो. मराठीने तर ‘मात’मध्ये मरणाची छटा कधी आणलीच नाही. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की हिंदीत ‘शह देना’ याचा अर्थ चिथावणे, पाठबळ देणे असाही होतो, म्हणजे एकाच मोहऱ्याचे नाव शेजारच्या दोन भाषांत जवळजवळ विरुद्ध दिशांना गेले.

इंग्रजीत ‘चेक’चे अर्थ कसे बदलत गेले, ते याच शहाच्या दृश्यातून समजते. शह बसला की खेळणाऱ्याला मनातला बेत बाजूला ठेवावा लागतो, आधी राजाची सोय पाहावी लागते. म्हणजे चालू असलेल्या गोष्टीला अचानक अडथळा येतो. म्हणून ‘चेक’ म्हणजे एकाएकी बसलेली खीळ, मग आवर, मग लगाम. फटकारणे हा अर्थही त्यातूनच आला. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मध्ये कॅशियस स्वतःला गुलामासारखे ‘चेक’ केल्याची तक्रार करतो, तेव्हा त्याची कोणी तपासणी केलेली नसते, त्याला खडसावलेले असते. ससाणे पाळणाऱ्यांच्या बोलीत ससाणा ठरलेले सावज सोडून दुसऱ्याच पाखरामागे वळला की त्यालाही ‘चेक’ म्हणत. अठराव्या शतकात राज्यघटनेच्या चर्चेत सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला आवरून धरण्यासाठी हाच शब्द रूढ झाला. आज आपण ‘चेक कर’ म्हणतो तो तपासणीचा अर्थ या सर्वांत धाकटा आहे, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो स्पष्टपणे दिसू लागतो. वाट मात्र सरळ आहे: जे लबाडीला आवर घालते ते ‘चेक’, आणि लबाडीला आवर घालायचा तर पडताळा घ्यावाच लागतो.

पैशाचा संबंध इथून सुरू होतो, पण त्याआधी आणखी एक वाट पाहिली पाहिजे, कारण पुढे या दोन वाटा एकमेकींत मिसळतात. ज्या पटावर हा खेळ खेळत त्याला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. नॉर्मन राजवटीत, पहिल्या हेन्रीच्या काळात (1100 ते 1135), इंग्लंडच्या राजाचा वसूल ज्या कचेरीत तपासला जाई तिला हेच नाव पडले आणि त्याचे पुढे ‘एक्स्चेकर’ झाले. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170च्या दशकात या कचेरीचे वर्णन गुरू-शिष्याच्या संवादातून लिहून ठेवले आहे आणि ते इतके बारकाईने केले आहे की ते टेबल डोळ्यांसमोर उभे राहते. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि वरची नाणी-सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून चारी बाजूंना चार बोटे उंचीची कड. त्यावर रेघांनी आखलेले काळे कापड. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात पेन्स, त्यापुढे शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, शेकडे, हजार. एका बाजूला परगण्याचा वसुली अधिकारी, म्हणजे शेरीफ, बसलेला. हिशेबनीस त्याच्या देण्याच्या सोंगट्या कापडावर मांडतो, त्याखाली भरणा केलेली रक्कम मांडतो, आणि उणे करून बाकी काढतो. रोमन आकड्यांत कागदावर वजाबाकी करणे किती जिकिरीचे, हे ज्याने करून पाहिले असेल त्याला या कापडाची किंमत कळेल. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, अशा विषम कोष्टकात तर सोंगट्यांशिवाय गत्यंतरच नव्हते.

शिष्य विचारतो की कचेरीला हे नाव का पडले, तेव्हा गुरू आधी पटाच्या आकाराकडे बोट दाखवतो आणि मग म्हणतो की पटावर जशी दोन राजांची झुंज असते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची असते. आठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या कचेरीच्या नावाची व्युत्पत्ती अगदी बरोबर सांगतो, याचे मला फार कौतुक वाटते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात हे ‘एक्स्चेकर’ आजही टिकून आहे. आणि चौकटीचौकटींच्या कापडाला आपण ‘चेक्स’ म्हणतो तोही या पटाच्या नावाचाच संक्षेप आहे. पोर्तुगीज भाषेत ‘शतरंज’पासून आलेला ‘शद्रेझ’ हा शब्द खेळाला लावतात आणि चौकड्यांच्या कापडालाही. दोन भाषांनी दोन वेगळ्या शब्दांबाबत एकच गोष्ट केली. म्हणूनच ‘चेक्स’ हा आपल्या ‘चौकडी’चा किंवा ‘चौकटी’चा भाऊ असावा, हा तर्कही टिकत नाही. ‘चौ’ हा आपला ‘चार’ आहे, त्याचा ‘शाह’शी काही संबंध नाही.

आता मूळ वादाकडे येतो. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी आर्थिक व्यवहारात ‘चेक’ हा शब्द येतो तेव्हा तो पैसे देण्याच्या हुकुमाला लावलेला नाही. तो लावलेला आहे त्या कागदाच्या मागे राहणाऱ्या तुकड्याला, ज्याला आपण काउंटरफॉइल किंवा स्थळप्रत म्हणतो. दस्त बाहेर जाई, तुकडा कचेरीत राही, आणि दस्त परत आला की दोन्ही जुळवून पाहत. बनावटगिरीला आवर घालणारा तो तुकडा, म्हणून तो ‘चेक’. ही पद्धत जुनीच होती. एक्स्चेकरमध्ये शतकानुशतके खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या उभ्या चिरून एक भाग भरणा करणाऱ्याला देत आणि दुसरा स्वतःकडे ठेवत. 1826 मध्ये या काठ्या बंद झाल्या आणि त्यांचा साठा 16 ऑक्टोबर 1834 रोजी वेस्टमिन्स्टरच्या भट्ट्यांत जाळताना आग भडकून संसदेची दोन्ही सभागृहे भस्मसात झाली. कागदी स्थळप्रत हे त्या काठीचेच पुढचे रूप. स्थळप्रतीचे नाव पुढे स्थळप्रत असलेल्या संपूर्ण कागदाला मिळाले आणि अशा रीतीने पैसे देण्याचा लेखी हुकूम ‘चेक’ झाला. माझ्या मते हाच पुरावा निर्णायक आहे. शब्द ‘सक्क’वरून आला असता तर पहिल्या दिवसापासून त्याचा अर्थ हुकूम किंवा दस्त असा असायला हवा होता. तो आधी स्थळप्रतीला आणि नंतर हुकुमाला लागला, याचा उलगडा ‘सक्क’वरून होत नाही, ‘पडताळा’ या अर्थावरून सहज होतो.

राहिला प्रश्न स्पेलिंगचा, कारण ‘क्यू’ अक्षर असलेला ब्रिटिश ‘चेक’ परका दिसतो आणि त्यामुळेच पुष्कळांना त्याचे मूळ वेगळे असावे असे वाटते. हे अक्षर ‘एक्स्चेकर’च्या ओढीने आले. 1828 मध्ये बँकिंगवर लिहिणाऱ्या गिलबार्ट यांनी स्पष्टच म्हटले आहे की बहुतेक लेखक तो शब्द साध्या ‘चेक’प्रमाणे लिहितात, पण घोटाळा टळावा आणि ‘एक्स्चेकर’शी साम्य राहावे म्हणून आपण ‘क्यू’चे रूप घेतले. अमेरिकेने जुनेच ‘सी’ आणि ‘के’ ठेवले, आणि उपाहारगृहातल्या बिलालाही तिथे तोच ‘चेक’ लावतात. खुद्द ‘एक्स्चेकर’मधला ‘एक्स’ही असाच चुकीने आला आहे. फ्रेंचने आरंभी जोडलेला ‘एस’ हा लॅटिन उपसर्ग ‘एक्स’च असणार, असे समजून लेखनिकांनी तो ‘सुधारला’. एकदा लिहिली गेलेली चुकीची व्युत्पत्ती शब्दाच्या अंगाला कायमची चिकटते, याचा हा इंग्रजीतला ठळक नमुना आहे आणि आपल्या लेखातील विधानाची मला काळजी वाटते ती याचसाठी. शाळकरी मुले आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी पुरवणीतली माहिती वहीत उतरवून घेतात.

तरी माझी विनंती अशी आहे की पुढील रविवारी त्याच सदरात, त्याच जागी, या विधानाची दुरुस्ती छापावी. इब्न हौकलने पाहिलेल्या दस्ताची माहिती लेखकाने जरूर द्यावी, ती मोलाची आहे, फक्त ती ‘चेक’च्या कुळात बसवू नये. आणि दुरुस्तीसाठी चारच ओळींची जागा असेल तर त्यांपैकी एक ओळ ‘शह’ या मराठी शब्दासाठी राखून ठेवावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक